मुक्कामी एसटीवर म्युझिक व्हिडिओ: शूटिंगआधीचा अभ्यास मोबाइल-लॅपटॉपवर कितपत होतो?

खिडकीची_सीट | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहोत, पाच जणांचा ग्रुप. प्रोजेक्टला म्युझिक व्हिडिओ घेतलाय. गाणं उसनं नाही, हॉस्टेलमधल्या मित्राने लिहून, चाल लावून रूमवरच रेकॉर्ड केलंय. विषय मुक्कामी एसटी. रात्री गावात येणारी, तिथेच झोपणारी आणि पहाटे तालुक्याला परत निघणारी गाडी. काळ साधारण १९९५ चा, लांबी ३ मिनिटं ४० सेकंद.

मार्कांचा मोठा वाटा शूटिंगच्या आधीच्या कामाला आहे आणि ते काम डिजिटल साधनं वापरून कसं केलं हे फाइलमध्ये दाखवायचंय. आतापर्यंत आम्ही यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ पाहिले, पिंटरेस्टवरून फोटो गोळा केले, कॅनव्हात झकास मूडबोर्ड (व्हिडिओचा रंग-ढंग दाखवणारं चित्रांचं पान) बनवला आणि 'तुम्हाला कसे व्हिडिओ आवडतात' असा गूगल फॉर्म फिरवला. सरांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यातलं तुमच्या गावचं काय आहे?"

तर सांगा, कोणती साधनं खरंच कामाला येतात आणि कोणती नुसती फाइल जाड करतात? बजेट जवळपास शून्य. एक लॅपटॉप, बरे म्हणता येतील असे तीन फोन, एक ट्रायपॉड.

तिरकस | ९:१४

मी पयला! सरांना आमचा दंडवत कळवा. चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

ढगफुटी | ९:३१

फार डोकं चालवताय. फोन उचला, गावात जा, शूट करा, रात्री बघा, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. फोनवर रीळ फुकट आहे, मग कागदी घोडे कशाला? या मूडबोर्ड प्रकाराने पोरांना काम केल्याचं समाधान मिळतं आणि काम तिथेच राहतं. स्पष्ट बोलतोय, राग मानू नका.

फ्रेमवेडी | १०:०२

ढगफुटी, मूडबोर्डबद्दल अनुमोदन, बाकीच्याबद्दल अजिबात नाही. एडिटिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि 'जाऊन शूट करू' म्हणणाऱ्यांचं फुटेज माझ्याच टेबलावर येतं. तासन् तास सूर्यास्त असतो आणि हिरोचा एक क्लोजअप नसतो.

खिडकीची_सीट, तुम्ही 'ढिगाने व्हिडिओ पाहिले' म्हणतेस. बघणं वेगळं, उसवणं वेगळं. एकच व्हिडिओ घ्या, तुम्हाला आवडणारा. यूट्यूबवर पॉज करून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की चित्र एक फ्रेम पुढे सरकतं, स्वल्पविरामाचं दाबलं की मागे. असं करत प्रत्येक कट कुठे पडतो ते शीटमध्ये लिहा: वेळ, शॉट जवळचा की लांबचा, कॅमेरा हलतो का, कट तालावर आहे की शब्दावर. कडव्यात शॉट लांब आणि ध्रुवपदात आखूड, असली गणितं आपोआप दिसायला लागतात. संध्याकाळभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे आणि शंभर व्हिडिओ नुसते पाहण्यापेक्षा जास्त शिकवतं. शिवाय तेच पान फाइलला लागतं.

मग आपल्या गाण्याकडे या. ऑडॅसिटी नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात गाणं वाजत असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या क्षणावर खूण पडते. ध्रुवपद, कडवं, वाजपाचा तुकडा, जिथे श्वास ऐकू येतो ती जागा, सगळीकडे खुणा करा. खुणांची यादी टेक्स्ट फाइल म्हणून बाहेर काढता येते, ती शीटमध्ये चिकटवली की शॉटलिस्टचा, म्हणजे कुठे कोणता शॉट याच्या यादीचा, सांगाडा तयार. गाण्याची लय किती आहे? मिनिटाला किती ठोके?

खिडकीची_सीट | १०:२०

ताई, हे भारी आहे! गाणारा मित्र म्हणतो ९६, कानात क्लिकचा ठोका लावून रेकॉर्ड केलंय. ताल कहरवा आहे.

फ्रेमवेडी | १०:४१

अरे वा, सोन्यासारखा आकडा! ३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे २२० सेकंद. ९६ च्या लयीत ३५२ मात्रा, म्हणजे ठोके. कहरवा आठ मात्रांचा, म्हणून त्याची ४४ आवर्तनं. एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. आता शॉटलिस्ट सेकंदांत नका लिहू, आवर्तनांत लिहा. 'गाडी वळणावर दिसते: दोन आवर्तनं. चालक उतरतो: एक.' गायकाला, कॅमेऱ्यावाल्याला, सगळ्यांना ती भाषा कळते. आणि सेकंदाला २४ फ्रेमवर शूट केलंत तर एका मात्रेला नेमक्या १५ फ्रेम येतात, कट ठोक्यावर बसतो. २५ वर १५.६२५ येतात, म्हणजे दर वेळी थोडं इकडे नाहीतर तिकडे.

तिरकस | १०:४४

दहावीला बीजगणित सोडलं ते याच धाग्यात भेटायचं होतं का?

कंडक्टरचा_मुलगा | ११:१५

विषय बघून राहवलं नाही. वडील एसटीत वाहक होते, सातारा जिल्ह्यात. 'मुक्कामी' म्हणा किंवा 'वस्तीची गाडी' म्हणा, आमच्या घरचं अर्धं आयुष्य त्या शब्दांत गेलं.

९५ साल दाखवायचं म्हणता, तर तिकिटाचं मशीन दिसता कामा नये. तेव्हा तिकिटांची पेटी असायची, वेगवेगळ्या रकमांच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या तिच्यात रचलेल्या. हातात पंच. तो पंच दांड्यावर टकटक वाजवत वाहक गर्दीतून पुढे सरकायचा. खांद्यावर चामड्याची बॅग. गाडीत घंटीची दोरी, छताच्या कडेने गेलेली. खिडकीवर रंगवलेली 'फक्त महिलांसाठी', 'आमदार-खासदार' ही अक्षरं. मुक्कामाच्या गावात चालक-वाहक कधी गाडीतच झोपायचे, कधी देवळात, कधी शाळेच्या ओट्यावर. जेवण बऱ्याचदा ठरलेल्या घरून यायचं. वडील म्हणायचे, कुठल्या गावची आमटी कशी हे रूटच्या पाटीवर लिहायला पाहिजे.

तुमच्या पिंटरेस्टवर यातलं काय सापडलं?

खिडकीची_सीट | ११:२६

काका, खरं सांगू? काहीच नाही. 'बस', 'गाव', 'रात्र' शोधलं तर एक केरळची बस, दोन परदेशातल्या आणि बाकी धुक्यातले रस्ते.

नवे_गडी | ११:४०

एआय वापरा की! हवं ते वाक्यात लिहायचं, स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रं, दहा मिनिटांत तयार. मी आत्ताच टाकून बघितलं: 'कोकणातलं खेडं, रात्र, लाल एसटी बस, कंदील घेतलेली नऊवारीतली आजी.' एक नंबर चित्र आलंय. खाली चिकटवतो.

नथ_आणि_नऊवारी | मंगळवार, सकाळी ७:०५

नवे_गडी, चित्र निरखून पाहिलंत का? आजीची नथ उजव्या नाकपुडीत आहे, आपल्याकडे ती डावीकडे घालतात. नऊवारीला कासोटाच नाही, ती गोल साडी आहे. पदर गुजराती. घर राजस्थानातलं. आणि बसचा दरवाजा रस्त्याच्या बाजूला, म्हणजे आजी उतरली की थेट समोरून येणाऱ्या ट्रकखाली.

तिरकस | ७:२२

शिवाय बस दुमजली आहे. आजी लंडनला राहतात.

नवे_गडी | ७:३०

हलके घ्या हो. सुधारून देता येतं, सूचना नीट द्यायला हव्यात इतकंच. आणि मुद्दा फ्रेमचा आहे, नथीचा नाही. कॅमेरा कुठे, माणूस कुठे, प्रकाश कुठून, एवढं कळलं तरी पुरे.

नथ_आणि_नऊवारी | ७:४८

सूचना नीट देण्यासाठी आधी नथ कुठल्या बाजूला असते ते माहीत पाहिजे. म्हणजे अभ्यास तुम्हीच करायचा. मग कॅमेरा कुठे ते दाखवायला काडीची माणसं पुरतात. स्टोरीबोर्डर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात काड्यांची माणसं काढली तरी झकास चालतं. पोरांनी काढलेली वाकडी चित्रं फाइलमध्ये पाहून परीक्षकाला समजतं की हे यांनी स्वतः विचार करून काढलंय.

फ्रेमवेडी | ९:१०

स्टोरीबोर्डरला +१. ती काडीची चित्रं गाण्याखाली एडिटिंगच्या टाइमलाइनवर मांडा, प्रत्येक चित्र जितकी आवर्तनं ठरलीत तितकंच. याला ॲनिमॅटिक म्हणतात. डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, लॅपटॉप दमला तर फोनवरचं कुठलंही साधं ॲप. तो तुकडा पाहिलात की तिसऱ्या कडव्यात तुमच्याकडे दाखवायला काहीच उरलेलं नाही हे लख्ख दिसेल. सगळ्यांचं तिसऱ्या कडव्यात असंच होतं.

ढगफुटी | ९:३५

बघा, शूटिंगला अजून कुणी निघालेलं नाही आणि आजीची नथ, ४४ आवर्तनं, काडीची माणसं! गावात जाऊन एक रात्र त्या गाडीजवळ बसले असते तर कंडक्टरकाकांनी सांगितलं ते सगळं कळलं असतं.

कंडक्टरचा_मुलगा | ९:५०

आताच्या गाडीजवळ बसून ९५ साल कसं कळेल? गाड्या बदलल्या, तिकिटं बदलली.

व्हीएचएस | १०:३०

इथे मला एक गोष्ट सुचवायची आहे. ९० च्या दशकातल्या गावाचा खजिना इंटरनेटवर नाही, तो माळ्यावर आहे. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट!

विचार करा. त्या काळात गावातल्या माणसांचं हलतं-बोलतं चित्रण कुणी केलं? लग्नाच्या व्हिडिओवाल्याने. लोकांचे कपडे, केस, चपला, मांडवातले दिवे, गावचा रस्ता, सगळं त्यात आहे. आणि वऱ्हाड कशातून यायचं? बहुतेकदा एसटीतूनच, 'प्रासंगिक करारा'वर घेतलेली गाडी. व्हिडिओवाला हटकून वऱ्हाड उतरतानाचा शॉट घ्यायचा. त्यात आतल्या सीटा दिसतात, पाटी दिसते, दारातला वाहक दिसतो. कोपऱ्यात बहुतेकदा तारीख छापलेली, म्हणजे साल ठरवायचं कामही झालं.

व्हीसीआर चालू स्थितीत कुणाकडे तरी मिळतो. त्यातून लॅपटॉपवर घ्यायला यूएसबीची छोटी कॅप्चर पट्टी येते, ऑनलाइन स्वस्तात मिळते. कॅसेटला बुरशी दिसली तर मात्र मशीनमध्ये घालू नका, दोन्ही जातील. जुने कागदी फोटो असतील तर फोनवर फोटोस्कॅन ॲप आहे, काचेची चमक बऱ्यापैकी काढून टाकतं. आणि ज्यांच्या घरचं लग्न आहे त्यांना विचारूनच वापरा, नुसतं अभ्यासाला घेतलं तरी.

खिडकीची_सीट | १०:४४

व्हीएचएस, साष्टांग नमस्कार! आमच्या मावशीचं लग्न ९४ चं. कॅसेट आजोळी आहे हे नक्की. सरांच्या प्रश्नाचं उत्तर कपाटावर पडून होतं म्हणायचं.

मावशीप्रेमी | १०:५०

मावशींना विचारल्याशिवाय काढू नको गं. ९४ ची केशरचना कॉलेजच्या फाइलमध्ये लागायची!

नकाशेवाला | दुपारी १२:१५

जागा शोधण्याबद्दल कुणी बोललंच नाही. भारतात गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झालं, आपल्याकडची मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर त्यात होती. खेड्यांत त्याच्यावर विसंबू नका, लोकांनी टाकलेले फोटो मिळाले तर मिळाले. पण गूगल अर्थ प्रो लॅपटॉपवर फुकट मिळतं आणि कोकणासाठी त्याचा खरा उपयोग डोंगरांसाठी आहे.

सनकॅल्क नावाची साइट आहे. जागेवर टाचणी ठेवा, तारीख द्या, सूर्य कुठून उगवतो, कुठे मावळतो त्याच्या रेषा दिसतात. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. म्हणजे मे महिन्यात पाहून ठेवलेली 'गाडीमागे मावळतीचा सूर्य' ही फ्रेम डिसेंबरात मिळणारच नाही. आता गंमत अशी की सनकॅल्कच्या त्या रेषांना तुमच्या गावामागचा डोंगर माहीत नाही. ती सांगते सूर्यास्त सहा वाजून काही मिनिटांनी, आणि तुमच्या स्टॉपवर पाचलाच सावली आलेली असते. अर्थ प्रोमध्ये सूर्यप्रकाशाची एक पट्टी आहे, ती सरकवली की डोंगराच्या सावल्या कशा पसरतात ते दिसतं. दोन्ही एकत्र बघा.

एक धोक्याची सूचना. त्यात जुनी उपग्रहचित्रं बघायचीही सोय आहे, पण घरं-शेड ओळखू येतील अशी स्पष्ट चित्रं २००० नंतरचीच मिळतील. ९५ साली स्टॉपवर पिकअप शेड होती की नुसतं वडाचं झाड, हे तिथे नाही कळणार. ते पारावरच विचारा.

ढगफुटी | १२:४०

"पारावर विचारा". माझा मुद्दा शेवटी उपग्रहातून खाली उतरला.

नकाशेवाला | १२:५२

उतरला, पण वेळेवर! आता रात्रीचं ऐका. फोनचा कॅमेरा खेड्यातल्या खऱ्या अंधारात खडखडीत दाणेदार चित्र देतो. त्यामुळे 'रात्र' शूट करायची ती सूर्य मावळल्यानंतरच्या कातरवेळी. आपल्या अक्षांशावर हा उजेड साधारण वीस-बावीस मिनिटं टिकतो. आकाश निळं, गाडीचे दिवे पिवळे, पडद्यावर छान रात्र वाटते. म्हणजे दिवसाला तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. आता सांगा, ती 'चला बघू काय जमतंय' म्हणत घालवायची की शॉट क्रमाने लिहून न्यायचे?

ढगफुटी | १:०५

ठीक आहे, वीस मिनिटांपुरता मी कागद मान्य करतो.

तिरकस | १:०६

इतिहासात नोंद व्हावी.

वकीलकाकू | दुपारी ३:२०

गाणं मित्राचं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या की या व्हिडिओसाठी वापरायला परवानगी आहे. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला म्हणजे झालं, असं करू नका. पुढे तो प्रसिद्ध झाला की मैत्री राहते, आठवण राहत नाही.

इतर वाचकांसाठीही सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतं: "जुनी कविता आहे, मग वापरली तर काय झालं?" आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ ला गेले, भा. रा. तांबे १९४१ ला, बहिणाबाई १९५१ ला. त्यांचे शब्द आता मोकळे आहेत. पण त्यांना नंतर कुणी लावलेली चाल ही वेगळी निर्मिती, तिचा हक्क वेगळा. आणि रेकॉर्डिंगचा त्याहून वेगळा, तो प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे बालकवींची कविता घेऊन स्वतः चाल लावलीत तर बिनधास्त, रेडिओवर ऐकलेली चाल घेतलीत तर नाही.

गोडबोले_नाही | ३:४५

काकू, कॉलेजपुरतं दाखवलं तरी?

वकीलकाकू | ४:०२

शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुरत्या कॉलेजातल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे. पण आजकाल 'कॉलेजपुरतं' म्हणजे संध्याकाळी यूट्यूबवर. तिथे मशीनच गाणं ओळखतं आणि दावा लागतो.

एसटीप्रेमी_विदर्भ | ४:३०

अवांतर: आमच्याकडेही मुक्कामी गाडी होती. पहाटे चालक हॉर्न द्यायचे, अख्खं गाव उठायचं. दूध, पेपर, पेशंट, कॉलेजची पोरं, सगळं एकाच गाडीत. एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर, पण आमच्या गावापर्यंत यायला तिला पुढे बरीच वर्षं लागली. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य आमच्याकडे खरोखर लोक जगले, कारण दुसरं काही यायचंच नाही.

मावशीप्रेमी | ४:४१

आमच्याकडे मुक्कामाच्या चालकांना रविवारी वडे-सागोती आणि बाकी दिवस कुळथाची पिठी. पुढे रविवारीच ड्यूटी मागून घ्यायचे म्हणे.

कंडक्टरचा_मुलगा | ४:५५

नक्कीच मागून घेत असणार.

चहा_कमी_साखर | ५:२०

लोकहो, पोरगी फाइल कशी करू विचारतेय आणि तुम्ही वडे-सागोतीवर! शिकवण्याच्या धंद्यात असल्याने परीक्षकाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

गूगल फॉर्म. तो तुम्ही कुणाला पाठवला? वर्गाच्या ग्रुपवर. म्हणजे वीस वर्षांच्या मुलांना विचारलंत की मुक्कामी एसटीवरचा व्हिडिओ कसा हवा. निम्म्यांनी ती गाडी पाहिलेली नसेल. फॉर्म चालेल, पण प्रश्न बदला. 'कसा व्हिडिओ आवडतो' याला कुणी खरं उत्तर देत नाही. त्याऐवजी गाण्याची वीस सेकंदं ऐकवा आणि 'डोळ्यांपुढे काय आलं?' एवढंच विचारा. आणि ज्यांनी ती गाडी पकडलीय त्यांच्याकडे फॉर्म घेऊन नका जाऊ, फोनवर आवाज रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. त्यातलं एखादं वाक्य गाण्याच्या सुरुवातीला वापरावंसं वाटेल.

दुसरं, सिद्धांत. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या पुस्तकात म्युझिक व्हिडिओचा पद्धतशीर विचार केला, तो तुमच्या नोट्समध्ये असेलच. त्यातला एक धागा पकडा: चित्र शब्दांना नुसतं दाखवतं, की त्यात भर घालतं, की मुद्दाम त्यांच्याशी फारकत घेतं. नाव लिहून मोकळे होऊ नका. प्रत्येक कडव्यासमोर लिहा की इथे आम्ही तिन्हींपैकी काय करतोय. शब्द 'गाडी आली' आणि चित्रातही गाडी आली, असंच पूर्ण गाणंभर चाललं तर ते बातमीपत्र होतं.

आणि टाकून दिलेल्या कल्पना फाइलमध्ये ठेवा. नवे_गडींचं ते दुमजली चित्रसुद्धा. शेजारी नथ_आणि_नऊवारींचा प्रतिसाद. 'हे का घेतलं नाही' हे सांगणारं एक पान गुळगुळीत मूडबोर्डपेक्षा जास्त मार्क मिळवतं.

नवे_गडी | ५:२८

शेवटी माझ्या चित्राचं सोनं झालं!

लेस्टरकर | ५:५०

इथे इंग्लंडमध्ये मुलीने ए लेव्हल (आपल्या बारावीसारखी परीक्षा) मीडियाला हेच केलं होतं. व्हिडिओसोबत अल्बमचं कव्हर आणि मासिकातली जाहिरातही करायची होती, आणि तयारीचा सगळा प्रवास तारखेसकट ब्लॉगवर टाकायचा. तारखेसकट हे महत्त्वाचं. शेवटच्या आठवड्यात एकदम रचलेली 'तयारी' लगेच ओळखू येते.

पन्नास_हर्ट्झ | रात्री ८:१५

फ्रेमवेडी यांच्या २४ बद्दल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्टॉपवरची ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. म्हणून भारतात २५ फ्रेम पाळायची पद्धत. २४ वर दिवा लपलप करेल.

फ्रेमवेडी | ८:३३

लपलप शटरमुळे होते, म्हणजे एका फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो त्यामुळे, फ्रेमच्या आकड्यामुळे नाही. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवलं की २४ वरही दिवा शांत. मात्र फोनचं स्वतःचं कॅमेरा ॲप शटर आपल्या मनाने बदलतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा किंवा अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा घ्या, दोन्ही फुकट. आधी घरच्या ट्यूबलाइटखाली चाचणी घ्या, सगळे फोन सगळं करू देत नाहीत.

एक मुद्दा तुमच्या बाजूचा: स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर २५ सोपं. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्या वेगात ओठ हलवायचे, ५० फ्रेमवर शूट करायचं. एडिटमध्ये २५ वर आणलं की ओठ मूळ गाण्यावर आणि बाकी जग संथ. पोरांनो, यातलं एकच काहीतरी ठरवा. तिन्ही फोन तीन आकड्यांवर असले तर एडिट करणाऱ्याचे शाप लागतात.

पन्नास_हर्ट्झ | ८:४०

शटरचं मान्य. आणि फोन फ्रेमचा वेग मध्येच खालीवर करतो, त्याने ओठ हळूहळू सरकतात. एडिटच्या आधी सगळ्या क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एकाच स्थिर वेगावर आणून घ्या. क्लिपा व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, चुरा होतो.

गोडबोले_नाही | ८:५५

मला दोघांचंही कळलं नाही, पण वाचनखूण साठवली.

कंडक्टरचा_मुलगा | ९:२०

गाडी कुठून आणणार? डेपोत परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. आगार व्यवस्थापकांना आधीच भेटा, कॉलेजचं पत्र न्या, अर्ज कुणाकडे करायचा ते तेच सांगतील. पत्रात 'विद्यार्थी प्रकल्प, व्यावसायिक नाही' हे ठळक लिहा. प्रासंगिक करारावर आख्खी गाडी घेता येते, पण तुमच्या शून्य बजेटात बसणार नाही. त्यापेक्षा खऱ्या मुक्कामी गाडीच्या मंडळींशी बोला. गाडी गावात उभीच असते. परवानगी असेल तर उभ्या गाडीतले शॉट होऊन जातील.

बजेटवाली | ९:३२

पण गाडी आजची आणि काळ ९५ चा, त्याचं काय?

व्हीएचएस | ९:४५

पूर्ण गाडी दाखवायचीच कशाला? खिडकीचे गज, घंटीची दोरी, हातातला पंच, काळोखात येणारे दोन दिवे. जवळचे तुकडे ९५ चे वाटतात. लांबचा शॉट खऱ्या कॅसेटमधून घ्या, मावशींची हरकत नसेल तर. दाणेदार चित्र तुकड्या-तुकड्याने आलं की आठवणीसारखं वाटेलही.

ढगफुटी | ९:५८

हे आवडलं. मनापासून.

ड्रोनबाबू | १०:१०

घाटातून येणारी गाडी ड्रोनमधून! एक तरी शॉट पाहिजेच.

नकाशेवाला | १०:२२

उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटचा नकाशा बघा, लाल-पिवळा-हिरवा पट्टा कळतो. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही, २०२१ च्या नियमांत आहे, पण लाल पट्ट्यात तोही चालत नाही. आणि ९५ साली तुमच्या गावाकडे वरून कोण बघत होतं? घारीच.

खिडकीची_सीट | बुधवार, दुपारी १:३०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. काल ग्रुपने बसून हा धागा मोठ्याने वाचला (तिरकसदादांचे प्रतिसाद दोनदा).

ठरलं ते असं. जुना मूडबोर्ड 'टाकून दिलेलं' या भागात. मावशीशी बोलले, ती आधी हसली, मग म्हणाली कॅसेट न्या पण माझ्या डान्सचा भाग आजोबांना दाखवू नका. शनिवारी आजोळी जातोय, तिथेच तिघा जुन्या प्रवाशांचं बोलणं रेकॉर्ड करू. शॉटलिस्ट गूगल शीटमध्ये आवर्तनांनी लिहितोय, रकाने: आवर्तन, शब्द, शॉट, जागा, उजेडाची वेळ, ९५ चं काय दिसतं, काय दिसता कामा नये. शेवटचा रकाना कंडक्टरकाकांमुळे. २४ फ्रेम, शटर १/५०, तिन्ही फोन सारखे. ड्रोन नाही. डेपोसाठी पत्र सरांच्या सहीला दिलंय.

सुरुवातही ठरली: काळा पडदा, घंटीचा एक टोला, त्याच ठोक्यावर गाणं सुरू आणि गाडी निघते.

तिसऱ्या कडव्याला अजून काही सुचलेलं नाही. ताई म्हणाल्या तसंच झालं.

कंडक्टरचा_मुलगा | १:५२

एका टोल्यावर गाडी थांबते, बाळ. निघते ती डबल बेलवर. हे चुकलं तर कोकणातला प्रत्येक म्हातारा तिथेच व्हिडिओ बंद करेल.

फ्रेमवेडी | २:०५

मग दोन मात्रा धरा, तीस फ्रेम. गाणं तिसऱ्या मात्रेवर उचला, किंवा गायकाला सांगून आधी एक रिकामं आवर्तन ठेवा. शीटमध्ये आत्ताच बदला, नंतर सगळे आकडे सरकतील.

खिडकीची_सीट | २:११

बदललं! आणि काका, तिसऱ्या कडव्यात गाडी थांबवायची होती. मग तो एक टोला तिथे जाईल.

तिरकस | २:१५

पारावर बसायला जागा आहे का शनिवारी? शेंगदाणे माझ्याकडून.

ढगफुटी | २:२०

मी चिपळूणला असतो. ट्रायपॉड एक जास्तीचा आहे, आणि घरी व्हीसीआर पडलाय, चालतो का ते बघून संध्याकाळी सांगतो. कॅसेट बघायला मिळणार असेल तर घेऊन येतो.